आमचा पाळीव समुद्र

माणसं काय काय पाळतात! कुणी कुत्रा पाळतं, कुणी पोपट पाळतं. आमचे शेजारी पथ्यं पाळतात आणि आमचे साहेब मौन पाळतात, निदान माझ्या बढतीचा विषय निघाला की पाळतातच. मी समुद्र पाळला. तोही ठाण्यात, चौथ्या मजल्यावर, हॉल आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधल्या जागेत. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग सौभाग्यवतींकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘वहिनी, तुमची कमाल आहे हं!’’ खर्च माझा, कंबर माझी मोडते आणि कमाल मात्र वहिनींची, हा संसाराचा नियम समुद्रालाही लागू आहे.

ह्या प्रकरणाची सुरुवात एका दाढेपासून झाली. दाढ माझीच. दातांच्या डॉक्टरांकडे माझ्यापुढे सातजण बसले होते आणि समोर एक काचेची टाकी होती. त्या टाकीत एका खडकावर काहीतरी डुलत होतं. शेकडो बोटं असलेला हात असावा तसं ते दिसत होतं आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला एकेक टपोरा फुगा होता. त्या बोटांत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, गादीवर लोळावं तसे लोळत होते. मी दाढ विसरलो. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काय होतंय?’’ मी म्हटलं, ‘‘ते बाहेर काय आहे?’’

ते समुद्रफूल होतं. नाव फूल असलं तरी तो प्राणी असतो. जेलीफिश आणि प्रवाळ ह्यांच्या घराण्यातला. डॉक्टरांनी माझी दाढ काढता काढता मला ही सगळी माहिती दिली. तोंडात त्यांचे दोन हात असल्यामुळे मला शंका विचारता आल्या नाहीत आणि शंका न विचारता ज्या गोष्टी आपण स्वीकारतो त्याच पुढे महागात पडतात.

त्याच सुमाराला आई आमच्याकडे कायमची राहायला आली होती. आमचं गाव देवगडकडचं. घराच्या मागच्या पडवीत बसलं की माडांच्या मधून समुद्र दिसतो. बाबा होते तोवर आई इकडे यायचं नाव काढत नसे. बाबा गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी बसून ठरवलं की आईनं आता एकटं राहायचं नाही. ह्या बैठकीला आईसुद्धा हजर होती. चहा तिनंच केला होता.

आईसाठी मी हॉलमध्ये टीव्हीसमोर एक खुर्ची घेतली. पाठ टेकली की पाय आपोआप वर येतात अशी. आई एकदाच बसली. पाय वर आले तशी ‘‘अगो बाई!’’ करून उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसली. आम्ही तिला पाटावरून उठवून गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसवलं. झोपाळ्यावरून समोरच्या इमारतीतली धुणी दिसतात. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आई पाटावर. मग तिच्या खोलीत खिडकीशी पलंग सरकवला. दुसऱ्या दिवशी आई पाटावर. ती तक्रार करत नव्हती. बोलतच फारशी नव्हती. तेव्हा मी विचार केला, हिला समुद्राची सवय, तर समुद्रच घरी आणू. मुलगा कर्तबगार असला की असे विचार सुचतात.

समुद्र आणायचा म्हणजे पाणी लागतं हे मला ठाऊक होतं. पण दुकानदारानं सांगितलं, ‘‘चौपाटीवरून बादल्या भरून आणायच्या नाहीत. त्या पाण्यात काय काय आलेलं असतं ते तुम्हांला माहीतच आहे. पाणी आरओचं घ्यायचं आणि त्यात समुद्राचं मीठ घालायचं.’’ हे मीठ पिशवीतून येतं आणि परदेशातून येतं. जेवणातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरंच काही असतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. माझी टाकी दोनशे लिटरची, म्हणजे मीठ सात किलो. १९३० साली आमच्या कोकणात शिरोड्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आणि मी त्याच किनाऱ्याचा माणूस मिठाची पिशवी खांद्यावर घेऊन, तिची पावती खिशात लपवून जिना चढत होतो. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. इतिहास असा सूड घेतो.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. दोनशे लिटर पाणी, म्हणजे दोनशे किलो. वर काच, खडक, लोखंडी घडवंची धरून तीनशे किलोच्या घरात. ‘‘स्लॅबचं काय?’’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘तुमच्या मुलाच्या मुंजीला ह्याच स्लॅबवर चाळीस माणसं जेवली होती.’’ ते म्हणाले, ‘‘ती जेवून गेली.’’ ह्या मुद्द्याला उत्तर नव्हतं. शेवटी टाकी तुळईच्या वर येईल अशी, हॉल आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधोमध ठेवायची, असा तोडगा निघाला. म्हणजे तिचा एक चेहरा हॉलकडे आणि दुसरा स्वयंपाकघराकडे. हॉलकडचा चेहरा दर्शनी. तिथं मी खडकांची छान रचना केली. खडक चिनीमातीचे. खरं प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्यामुळे ते घरात आणायचं नाव काढू नये.

दसऱ्याच्या मुहूर्तावर टाकी भरली. निळा दिवा लावला. हॉल एखाद्या ऑर्केस्ट्राच्या स्टेजसारखा दिसायला लागला. मी आईला हाताला धरून आणलं आणि म्हटलं, ‘‘बघ, समुद्र.’’

आईनं बघितलं. ‘‘मासे कुठे आहेत?’’

‘‘येतील.’’

‘‘कधी?’’

‘‘मासे महिन्या-दीड महिन्यात. फूल चैत्रात.’’

आई काही न बोलता पाटावर जाऊन बसली. पण माझा नाइलाज होता. नव्या टाकीत नुसतं पाणी असून चालत नाही, पाण्यात आधी जीवाणू वस्तीला यावे लागतात. घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि मग आपण पाणी बदलून ते नायट्रेट बाहेर काढतो. थोडक्यात, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल जाते तसं हे खातं चालतं आणि ते नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्रफूल तर आणखीच मानी. टाकी निदान सहा महिने जुनी झाल्याशिवाय ते तिथं नांदत नाही. तोवर आमच्याकडे येणारे पाहुणे निळ्या उजेडात पाणी आणि दगड बघून जात. एकानं मला एकांतात गाठून ‘‘सगळं ठीक आहे ना?’’ असं विचारलं.

ह्या काळात मी पुष्कळ शिकलो. पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास ठेवायची. त्यासाठी एक दुर्बिणीसारखं यंत्र मिळतं. त्याच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. मी रोज सकाळी खिडकीत उभा राहून बघत असे. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी पडदे बदलून जाड केले ते त्यामुळे. दुसरी गोष्ट, पाणी रोज आटतं, पण मीठ आटत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. समुद्रात गोडं पाणी ओततोय हे बघून आमच्या कामवाल्या मावशींनी माझ्याबद्दलचं आपलं मत कायमचं ठरवून टाकलं. तिसरी गोष्ट, पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावं लागतं आणि ठाण्यात उन्हाळ्यात पारा कुठे जातो ते मी सांगायला नको. म्हणून टाकीला थंड करणारं यंत्र. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली घाम पुसत बसलो होतो आणि शेजारी मासे थंड हवेच्या ठिकाणी गेल्यासारखे हिंडत होते.

अक्षय्य तृतीयेला समुद्रफूल आलं. दातांच्या डॉक्टरांकडे होतं त्याच जातीचं, फुगेवाल्या टोकांचं. कुणा हौशी माणसाच्या टाकीत एकाची दोन झाली होती, त्यांतलं हे एक. ही जात मधोमध उभी चिरत जाते आणि एकाची दोन होतात. वाटणीवरून भांडण नाही, कोर्ट नाही. मी फूल हॉलच्या बाजूला, मधल्या उंच खडकावर, दिव्याच्या बरोबर खाली ठेवलं. ह्याला उजेड लागतो, कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडावर अन्न करतात आणि घरमालकाला त्यातला वाटा देतात. भाडेकरू असावेत तर असे.

सकाळी उठून बघतो तर खडक रिकामा.

फूल दोन खडक सोडून डावीकडे गेलं होतं. समुद्रफुलाला बुडाशी एक पाय असतो, त्यावर ते सरकत सरकत चालतं. मी ते अलगद सोडवून पुन्हा मधल्या खडकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी ते उजवीकडे काचेला चिकटलेलं. पुन्हा उचललं. तिसऱ्या दिवशी ते पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या दिशेनं निघालेलं दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ही फुलं पंपात ओढली जाऊन चिंधड्या होतात, आणि एक फूल असं गेलं की त्याच्या विषानं अख्खी टाकी जाऊ शकते. ही सूचना मला दुकानदारानं दिली होती. पंप विकताना नव्हे, फूल विकताना. मी रात्री अकरा वाजता भांडी घासायचा नवा स्पंज कापून पंपाच्या तोंडाला बांधला.

‘‘तुमच्या फुलाला तुमची जागा पसंत नाहीये,’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

‘‘त्याला काय कळतंय? त्याला मेंदू नसतो.’’

‘‘म्हणूनच त्याला तुमचं ऐकता येत नसेल.’’

मग मासे आणले. क्लाऊनफिशची जोडी. समुद्रफुलाच्या बोटांत डंखाच्या पेशी असतात, लहानसहान मासा लागला तर खलास होतो. पण ह्या माशांच्या अंगावर असा चिकट थर असतो की त्यांना डंख बसत नाही. त्यामुळे ते फुलात राहतात. म्हणजे पुस्तकात राहतात. आमचे दोघे दीड महिना थर्मामीटरच्या मागे राहिले. हजारो वर्षांची मैत्री म्हणून मी पाहुण्यांना ज्या फुलाकडे बोट दाखवत असे, त्याच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ह्या माशांचं आणखी एक आहे. सगळे जन्मतात नर म्हणून. त्यांतला जो थोरला, दांडगा, तो पुढे मादी होतो आणि घराचा कारभार बघतो. ती गेली तर तिचा नवराच मादी होऊन तिच्या जागी येतो. २००३ सालच्या ‘फाइंडिंग नेमो’त बाप मुलाला शोधत समुद्रभर हिंडतो. निसर्गनियमानं चाललं असतं तर तो दुसऱ्याच रिळात आई झाला असता. ही माहिती मी जेवताना दिली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘म्हणजे माशांना कळतं.’’ आईच्या तोंडावर मला त्या दिवशी हसू दिसल्याचा भास झाला.

फुलाला आठवड्यातून एकदा-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा लागतो. बारीक म्हणजे नखाएवढा. पण आपल्याकडे आलेल्याला पोटभर वाढायची रीत. मी आख्खी कोळंबी दिली. त्यानं ती गिळली, रात्रभर ठेवली आणि सकाळी परत केली. ह्याचं तोंड एकच, आत घ्यायला तेच आणि बाहेर टाकायलाही तेच. अधूनमधून ते अंगातलं सगळं पाणी सोडून चिमून जातं, साल काढलेल्या आंब्याच्या कोयीसारखं दिसतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रात्री साडेअकराला दुकानदाराला फोन केला. तो झोपेतच म्हणाला, ‘‘साहेब, ते पोट साफ करतंय. तुम्ही झोपा.’’

खरी पंचाईत श्रावणात झाली. आमच्याकडे श्रावणात मासळी उंबरठ्याच्या आत येत नाही. आणि फ्रीझरमध्ये डबीत कोळंबी! सौभाग्यवतींनी डबी बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली. ‘‘महिनाभर उपास घडला तर काही मरत नाही ते.’’ तेही खोटं नव्हतं, उजेडावर ते बरेच दिवस काढू शकतं. पण माझा जीव तुटत होता. तेवढ्यात पाटावरून आवाज आला.

‘‘ते समुद्रातलं आहे. त्याला कसला श्रावण? समुद्रात काय श्रावणात वरणभात शिजतो?’’

आई पुष्कळ दिवसांनी इतकं बोलली होती. सौभाग्यवतींनी डबी परत ठेवली, फक्त तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘औषध’ असं लिहिलं.

मला वाटलं, हीच संधी. मी आईजवळ जाऊन बसलो आणि समुद्रफुलांविषयी सांगायला लागलो. सांगितलं, की हा छंद आजचा नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस नावाच्या गृहस्थानं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडात घरोघरी समुद्र पाळायचं वेड पसरलं. लोक बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर जात आणि खडकांवरची समुद्रफुलं खरवडून आणत. इतकी, की पुढे त्याच गॉसच्या मुलानं, एडमंड गॉसनं, १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’मध्ये लिहिलं, की लहानपणी बघितलेली ती खडकांतली कुंडं ओकीबोकी झाली.

आणि एडिंबरोची ती म्हातारी. सर जॉन डॅलियल ह्यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलियल १८५१ साली वारले. फूल जिवंत. ते दुसऱ्यांनी सांभाळलं, मग तिसऱ्यांनी. तिला शेकडो पिल्लं झाली. लोक तिला ‘ग्रॅनी’ म्हणत, म्हणजे आजी. आजी १८८७ साली गेली. ५९ वर्षं बरणीत राहून. ‘स्कॉट्समन’ ह्या वर्तमानपत्रात तिच्यावर मृत्युलेख आला.

‘‘बरणीत पंप होता?’’ आईनं विचारलं.

‘‘नव्हता. नुसतं समुद्राचं पाणी बदलायचे.’’

‘‘यंत्र? दिवा?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय करायचे?’’

मी विचार केला. ‘‘फारसं काही नाही. अधूनमधून एखादी शिंपली खायला घालायचे. बाकी तिच्या वाटेला जात नसत.’’

आई ‘‘हं’’ म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. ‘‘ही फुलं आमच्याकडेही आहेत,’’ ती जरा वेळानं म्हणाली. ‘‘ओहोटीला खडकात पाणी साचतं ना, त्यात. बोट लावलं की मिटतात. लहानपणी आम्ही लाजाळू म्हणायचो.’’ मी सहा महिने आईला ज्याची माहिती देत होतो ते तिनं पाचव्या वर्षी पाहिलं होतं. आणि तिनं ते मला एकदाही सांगितलं नव्हतं, कारण मी बोलायचा थांबलोच नव्हतो.

गणपती झाले आणि सौभाग्यवती पंधरा दिवस बहिणीकडे गेल्या. टाकीला रोज दोन लिटर गोडं पाणी घालायचं काम माझं. आमच्याकडे आरोग्याची लाट आल्यापासून आरओचं पाणी रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवतात. ते सकाळी प्यायलं की म्हणे सर्व विकार जातात. मी म्हटलं, फुलालाही चांगलंच. नळाला बादली लावत बसण्यापेक्षा कळशी उचलून ओतणं सोपं. पंधरा दिवस रोज ओतलं.

दहाव्या दिवसापासून फूल आकसायला लागलं. मग रंग उतरला. तांबूस होतं ते फिकट झालं, मग पांढरट. अंगातली शैवालं बाहेर पडली की असं होतं. तोंड मिटेना. समुद्रफुलाचं तोंड उघडं राहणं हे फार वाईट लक्षण. मी दुकानदाराला फोन केला. त्यानं काय घालता, किती घालता, कशातून घालता असं विचारलं. ‘‘तांब्याची कळशी’’ म्हटल्यावर तो इतका वेळ गप्प राहिला की मला फोन कट झाला असं वाटलं. बिनकण्याच्या समुद्री प्राण्यांना तांबं म्हणजे विष. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, पण टाकीत फूल असेल तर त्याला कुणी हात लावत नाही. आणि मी रोज सकाळी, भक्तिभावानं!

दुकानदारानं सांगितलं, रोज थोडं थोडं पाणी बदला, गाळणीत कोळसा घाला आणि वाट बघा. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरी मला जमेना. मी दर तासाला बाही वर करून हात घालायचो. फूल काचेच्या खालच्या कोपऱ्यात गेलं होतं, तिथून उचलून दिव्याखाली ठेवलं. तिथं उलथलं म्हणून खडकाच्या फटीत बसवलं. खायला द्यावं म्हणून तोंडाशी कोळंबी धरली. रात्री दीड वाजता मी असाच कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभा असताना मागे आई येऊन उभी राहिली.

‘‘हात काढ,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, ते मरतंय.’’

‘‘मरेल नाहीतर जगेल. तू हात काढ.’’

मी काढला. आईनं पदरानं माझा हात पुसला. पंचावन्न वर्षांच्या माणसाचा. मग पाट ओढून टाकीजवळ बसली.

‘‘अरे बाळ्या, त्याला आधीच बरं नाही. त्यात तू इथून तिथं, तिथून इथं. त्याला जागा बघू दे की त्याची त्याला.’’

‘‘पण त्याला कळायला नको का, उजेड कुठे आहे?’’

‘‘कळतं. सगळ्यांना कळतं.’’ जरा थांबून ती म्हणाली, ‘‘मलाही तुम्ही तीनदा हलवलंत. ती उडती खुर्ची, तो झोपाळा, तो पलंग. मी काही बोलले का? तुम्ही ऑफिसला गेलात की गुपचूप येऊन बसायची इथं.’’

मी म्हटलं, ‘‘आई, पण ह्या दारात आहे काय?’’

‘‘इथून घर दिसतं,’’ आई म्हणाली. ‘‘आणि चुलीची ऊब लागते. पडवीतून दिसायचं तसं सगळं दिसतं. नुसता समुद्र बघत कोण बसतं रे दिवसभर? आम्ही काय पाहुणे होतो?’’

मला काय बोलावं ते सुचलं नाही. आम्ही दोघं बराच वेळ पंपाची घरघर ऐकत बसलो. मग तिनं मला झोपायला पाठवलं. जाताना मी टाकीकडे बघायला लागलो तर म्हणाली, ‘‘मी आहे.’’

त्यानंतर चार दिवस मी पाणी बदलण्यापुरताच टाकीला हात लावला. ते किती अवघड असतं हे ज्यानं समुद्रफूल पाळलंय त्यालाच कळेल, किंवा ज्याला आईबाप आहेत त्याला. फूल रात्री सरकत असे. सकाळी आई मला बातमी द्यायची, ‘‘आज चार बोटं पुढे आलंय.’’ पाचव्या दिवशी ते खडकाच्या पलीकडे गेलं आणि एका कपारीत पाय रोवून बसलं. तोंड मिटलं. आठवड्यानं पहिला फुगा फुगला. रंग यायला दोन महिने लागले. तेव्हापासून त्यानं जागा सोडलेली नाही. नोव्हेंबरात एकदा पाहिलं तर थर्मामीटरमागचं ते दांपत्यही बिऱ्हाड हलवून तिथं राहायला गेलेलं. थोरली आधी, मागून तो.

आता एकच अडचण आहे. फुलानं जी जागा निवडली ती टाकीच्या मागच्या बाजूला, म्हणजे स्वयंपाकघराच्या अंगाला आहे. हॉलमधून बघितलं तर खडकाची पाठ दिसते आणि निळा उजेड दिसतो. दर्शनी बाजूला मी इतकी देखणी रचना केलेली, ती अगदी दसऱ्याच्या दिवशी होती तशी आहे. फूल बघायचं तर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन पाटावर बसावं लागतं. उभ्यानं दिसत नाही.

परवा सेक्रेटरी स्लॅबची चौकशी करायला आले. फूल कुठे आहे म्हणाले. मी त्यांना आत नेलं. आईनं शेजारचा पाट पुढे केला. ते जरा कुरकुरत खाली बसले आणि बसल्यावर पंधरा मिनिटं उठले नाहीत. आई त्यांना सांगत होती, ओहोटीला खडकात कसं पाणी साचतं, त्यात कुठली फुलं असतात, बाबा भरतीच्या वेळा पंचांगाशिवाय कशा सांगायचे. मी चहा घेऊन आलो तर ते म्हणाले, ‘‘आमच्या आईलाही एकदा घेऊन येतो. तिलाही कुठे करमत नाही.’’

आता दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात चार-पाच पाट असतात. सौभाग्यवतींना ओलांडून जावं लागतं, पण त्या काही म्हणत नाहीत. आंब्याच्या दिवसांत आईला महिनाभर गावी नेऊन आणायचं ठरलं आहे. ह्या बैठकीत तिला विचारलं होतं, आणि चहा मी केला होता. तेवढा महिना फुलाकडे कोण बघणार, अशी चिंता मी व्यक्त केली. आई म्हणाली, ‘‘कुणी बघायला नको. तू फक्त हात घालू नकोस.’’

पाय वर येणारी खुर्ची अजून हॉलमध्ये टीव्हीसमोर आहे. तिच्यात सध्या रद्दी ठेवतो. कधीतरी सुटीच्या दुपारी रद्दी बाजूला करून मी तिच्यात बसतो, पाय वर घेतो आणि समोर माझा समुद्र बघतो. दगड दिसतात. पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो.